लशीनंतर खांदा दुखावला तर: अमेरिकेत भरपाईचा दावा कसा करावा

फ्लूची लस घेतल्यावर दंड एक-दोन दिवस ठणकतो आणि मग आपण ते विसरून जातो. पण तिसऱ्या आठवड्यातही हात खांद्याच्या वर जात नसेल, रात्री त्या कुशीवर वळताच जाग येत असेल, वेणी घालायला हात मागे नेता येत नसेल, तर ते लशीचे नेहमीचे दुखणे नाही. सुई दंडाच्या स्नायूत न जाता वर, खांद्याच्या सांध्याजवळ गेल्यामुळे झालेली ती दुखापत असू शकते. दंडाच्या वरच्या भागात, स्नायूच्या खाली, बर्सा नावाची एक पातळ ओलसर पिशवी असते. लस तिच्यात किंवा शेजारच्या स्नायुबंधांत शिरली की शरीर तिथेच तिच्याशी झुंजू लागते, आणि ती सूज महिनोन्‌महिने उतरत नाही. इथले डॉक्टर आणि वकील या दुखापतीला ‘सिर्व्हा’ म्हणतात; ‘लस देण्याशी संबंधित खांद्याची दुखापत’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे ते संक्षिप्त रूप आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी मी हे लिहीत आहे. अशा दुखापतीसाठी सरकारी भरपाई मिळते हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते, आणि ज्यांना कळते त्यांना बहुधा उशिरा कळते. मी लस एका फार्मसीत घेतली. अंगात पूर्ण बाह्यांचा कुडता होता, बाही वर चढेना, म्हणून मी गळ्याकडून कपडा ओढून खांदा उघडा केला. मी खुर्चीत बसले होते, लस देणारी व्यक्ती उभी होती, आणि मागे रांग होती. सुई टोचली ती खांद्याच्या हाडाच्या टोकाला अगदी लागून. त्या हाडापासून दोन-तीन बोटे खाली टोचायची असते, हे मला नंतर कळले. त्याच संध्याकाळी गाडीचा सीटबेल्ट ओढताना हात अर्ध्यावर थांबला. दावा दाखल होऊन निकाल लागेपर्यंतच्या काळात माझ्या ज्या चुका झाल्या, त्या तुमच्या होऊ नयेत एवढ्यासाठी पुढचे सगळे सविस्तर लिहिले आहे. मी वकील नाही; प्रत्येकाचे प्रकरण वेगळे असते आणि शेवटचा सल्ला वकिलाचाच घ्यावा. आणखी एक गोष्ट आधीच सांगते. मी आजही दरवर्षी लस घेते. दुखापत चुकीच्या जागी सुई गेल्याने होते, आणि भरपाई मागणे म्हणजे लशीला विरोध करणे नव्हे.

१. दावा कोणाकडे करायचा ते आधी समजून घ्या

पहिला विचार मनात येतो तो फार्मसीवर खटला भरण्याचा. तसे सरळ करता येत नाही. १९८६ साली अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यानुसार, यादीतील लशीमुळे झालेल्या दुखापतीसाठी १,००० डॉलरपेक्षा अधिक भरपाई हवी असेल, तर लस देणाऱ्यावर किंवा लस बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावण्यापूर्वी ‘नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम’ या सरकारी योजनेकडे जावेच लागते. ही योजना १ ऑक्टोबर १९८८ पासून सुरू आहे. लशीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट कर घेतला जातो आणि त्या निधीतून भरपाई दिली जाते. फ्लूच्या एका लशीचे ७५ सेंट, तर धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला अशा तीन रोगांवरील लशीचे सव्वादोन डॉलर या निधीत जमा होतात.

या व्यवस्थेचा आपल्याला मोठा फायदा असा, की कोणाची चूक झाली हे सिद्ध करावे लागत नाही. लस देणाऱ्याचे नाव माहीत नसले, ती व्यक्ती नोकरी सोडून गेली असली, तरी दाव्याला धक्का लागत नाही. दावा एका केंद्रीय न्यायालयात चालतो आणि त्यात प्रतिवादी असतात ते केंद्र सरकारच्या आरोग्य व मानवसेवा खात्याचे सचिव, फार्मसी नव्हे.

योजनेत येणाऱ्या लशींमध्ये हंगामी फ्लू, धनुर्वात, हिपॅटायटिस ए आणि बी, एचपीव्ही, मेनिंजायटिस, पोलिओ, न्यूमोनियाची काँज्युगेट लस वगैरे येतात. शिंगल्सची लस मात्र यात नाही, आणि न्यूमोनियाची जुनी पॉलिसॅकराइड प्रकारची लसही नाही. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनी हे नीट पाहावे, कारण शिंगल्सची लस या वयात हमखास दिली जाते.

कोविडची लस पूर्णपणे वेगळ्या योजनेत येते. तिचे नाव ‘काउंटरमेझर्स इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम’. तिथे मुदत लस घेतल्याच्या तारखेपासून फक्त एक वर्ष आहे, वकिलाचे पैसे मिळत नाहीत आणि वेदनेबद्दलची भरपाईही मिळत नाही. विम्याने न भरलेला औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार एवढेच मागता येते. आता अनेक जण फ्लू आणि कोविड या दोन्ही लशी एकाच भेटीत घेतात. त्यामुळे कोणती लस कोणत्या दंडात दिली हे पहिल्याच आठवड्यात लेखी मिळवा. दोन्ही एकाच दंडात दिल्या असतील, तर एक वर्षाची मुदत आपल्याला लागू आहे असे धरूनच चाला.

नागरिकत्वाबद्दल मला अनेकांनी विचारले, म्हणून स्पष्ट लिहिते. दावा करायला अमेरिकेचे नागरिक असण्याची गरज नाही. लस अमेरिकेत घेतलेली असणे महत्त्वाचे. वर्क व्हिसावर असलेली, ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीसाठी लस घेतलेली किंवा मुलांना भेटायला येऊन इथे फ्लूची लस घेतलेली व्यक्तीही दावा करू शकते.

२. दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा

पहिली तारीख तीन वर्षांची. दुखण्याचे पहिले लक्षण जाणवले त्या दिवसापासून ३६ महिन्यांच्या आत दावा न्यायालयात दाखल झालेला असला पाहिजे. डॉक्टरांनी निदान केले तो दिवस किंवा एमआरआयचा अहवाल आला तो दिवस इथे धरला जात नाही. खांद्याचे दुखणे बहुधा लस घेतल्याच्याच दिवशी सुरू होते, म्हणून सुरक्षित मार्ग म्हणजे लशीच्या तारखेपासूनच तीन वर्षे मोजणे. शिवाय चांगले वकील शेवटच्या महिन्यात आलेले प्रकरण सहसा घेत नाहीत, कारण कागद गोळा करायलाच काही महिने जातात. पहिल्या वर्षातच वकिलाशी बोला.

दुसरी तारीख सहा महिन्यांची. दुखापतीचे परिणाम लस घेतल्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेले असले पाहिजेत, किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असली पाहिजे. चार महिन्यांत खांदा पूर्ण बरा झाला तर आनंदच आहे, पण मग दावा टिकत नाही.

या सहा महिन्यांच्या अटीत आपली माणसे हकनाक अडकतात. तीन महिने फिजिकल थेरपी होते, थोडा आराम पडतो, प्रत्येक भेटीचे चाळीस-पन्नास डॉलर जड वाटू लागतात, आणि थेरपी बंद करून आपण घरीच शेक आणि तेल-मालिश सुरू करतो. खांदा दुखतच असतो, पण कागदावर त्या दिवसानंतर एक अक्षरही नसते, आणि सरकारी वकील त्याचा अर्थ ‘बरे झाले’ असा लावतात. दुखणे शिल्लक असेल तर सहा महिने उलटल्यावर डॉक्टरांकडे एकदा तरी जा आणि काय होत नाही ते सांगा. वार्षिक तपासणीत दुसऱ्या कारणाने गेला असाल, तरी खांद्याचा उल्लेख करायला विसरू नका.

३. डॉक्टरांना तारखेसकट आणि कारणासकट सांगा

या लेखातील एकच भाग तुमच्या लक्षात राहणार असेल तर तो हा राहावा. दाव्याचा निकाल मुख्यतः दुखणे नवे असताना डॉक्टरांच्या नोंदीत काय लिहिले गेले यावर ठरतो. केवळ रुग्णाच्या सांगण्यावर भरपाई देता येत नाही, त्याला वैद्यकीय नोंदींचा किंवा वैद्यकीय मताचा आधार लागतो, असे कायदाच म्हणतो. उपचारासाठी गेलेला माणूस डॉक्टरांशी खरे बोलतो असे न्यायालय गृहीत धरते, त्यामुळे त्या वेळच्या नोंदीचे वजन नंतर केलेल्या शपथपत्रापेक्षा सहसा जास्त असते.

आपल्याला सहन करण्याची सवय असते. डॉक्टरांनी ‘कसे आहात’ विचारले की आपण ‘ठीक आहे’ म्हणतो, आणि ते तसेच टाइप होते. मी लस ऑक्टोबरमध्ये घेतली आणि डॉक्टरांकडे डिसेंबरमध्ये गेले. ‘कधीपासून दुखतंय’ या प्रश्नाला मी ‘झाला असेल महिना’ असे सहज उत्तर दिले. नोंदीत लिहिले गेले: डावा खांदा दुखतो, सुमारे एक महिन्यापासून. लशीचा शब्दसुद्धा नाही. त्या एका ओळीने माझे प्रकरण कित्येक महिने अडवले, कारण त्या हिशेबाने दुखणे लशीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरू झाले होते, आणि अट ४८ तासांची आहे.

मला वाचवले ते दोन छोट्या मजकुरांनी. लस घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री मी डॉक्टरांच्या ऑनलाइन पोर्टलवर लिहिले होते, की परवा फ्लूची लस घेतल्यापासून डावा हात वर जात नाही, गोळी घेऊ का? दुसरा मजकूर म्हणजे बहिणीला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: ‘अगं, काल लस घेतली, आज ब्लाउजचा हूकसुद्धा लावता येत नाहीये.’ दोन्हींवर तारीख आणि वेळ होती.

म्हणून डॉक्टरांसमोर पुढील गोष्टी त्यांच्या भाषेत, एका दमात सांगता येतील अशा लिहूनच न्या:

- लस कोणती, कोणत्या तारखेला, कोणत्या दंडात घेतली.
- दुखणे किती तासांत सुरू झाले.
- त्याआधी तो खांदा कधी दुखत होता का. दुखत असेल तर तेही खरे सांगा.
- आज कोणत्या हालचाली जमत नाहीत: वरच्या फळीवरचा डबा काढणे, पाठ चोळणे, कोट घालणे, मूल उचलणे.

भेट संपल्यावर पोर्टलवर नोंद वाचा. चूक असेल तर नम्रपणे दुरुस्ती मागा. रुग्णाला तसा हक्क आहे. वर्षभरानंतर मागितलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते, त्याच आठवड्यात मागितलेली दिसत नाही.

४. चार अटी आपल्याला लागू होतात का ते पाहा

खांद्याची ही दुखापत २१ मार्च २०१७ पासून योजनेच्या अधिकृत तक्त्यात आहे. २०१० साली योजनेतील डॉक्टरांनीच अशा १३ दाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता; पुढे तिला तक्त्यात जागा मिळाली. २०२१ च्या जानेवारीत ती तक्त्यातून काढण्याचा नियम झाला होता, पण तो एप्रिलमध्ये मागे घेण्यात आला. तक्त्यात बसणाऱ्या दुखापतीला लस हेच कारण आहे असे मानले जाते. आपल्याला फक्त पुढील चार गोष्टी दाखवाव्या लागतात.

एक, लशीपूर्वी त्या खांद्यात आजची लक्षणे ज्यामुळे होतील असे दुखणे, सूज किंवा बिघाड नव्हता. दोन, दुखणे लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले. तीन, दुखणे आणि हालचालीतील अडचण लस घेतलेल्या खांद्यापुरतीच आहे. चार, मानेतील नस दबणे किंवा मज्जातंतूंचा विकार असे दुसरे कारण सापडलेले नाही.

तिसऱ्या अटीवर बरेच जण गोंधळतात. खांदा जपण्यासाठी मान आखडते, दंडात कळ उतरते, आणि ते सांगणे चूक नाही. पण दुखण्याचे मूळ खांद्यात आहे हे स्पष्ट सांगा, नाहीतर नोंदीत नुसतेच ‘मान आणि हात दुखतो’ असे येते. पहिल्या अटीबद्दलही घाबरून जाऊ नका. दहा वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना खांदा लचकला आणि बरा झाला, एवढ्याने दावा बाद होत नाही. तो उल्लेख लपवला आणि जुन्या कागदांत सापडला, तर मात्र तुमच्या इतर सगळ्या म्हणण्यावरचा विश्वास उडतो.

चारपैकी एखादी अट बसली नाही तरी दार पूर्ण बंद होत नाही. लशीनेच दुखापत झाली हे मग वैद्यकीय तज्ज्ञाच्या मताने सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी २००५ च्या ‘अल्थेन’ निकालातील तीन कसोट्या लावतात: लशीने अशी दुखापत कशी होते याचे वैद्यकीय स्पष्टीकरण, या प्रकरणात तसे झाल्याची कारणपरंपरा, आणि काळाचा योग्य मेळ. हा मार्ग लांबचा आहे.

आणखी एक दिलासा. पहिले लक्षण वेळेत सुरू झाल्याची नोंद कागदावर नसली किंवा चुकीची झाली असली, तरी इतर पुराव्यांवरून ते वेळेत सुरू झाले असे ठरवण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधिकाऱ्याला दिलेला आहे. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले.

५. कागदपत्रे गोळा करा

ही यादी छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा:

- लशीची मूळ नोंद: तारीख, लशीचे नाव, लॉट क्रमांक, कोणत्या दंडात दिली, देणाऱ्याचे नाव.
- लस घेण्याआधीच्या तीन वर्षांच्या सर्व वैद्यकीय नोंदी, फॅमिली डॉक्टर आणि इतर तज्ज्ञांच्याही.
- लशीनंतरच्या आजवरच्या सर्व नोंदी: अर्जंट केअर, अस्थितज्ज्ञ, फिजिकल थेरपी, स्टिरॉइडची इंजेक्शने, शस्त्रक्रिया.
- एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल.
- पोर्टलवरील संदेश, फोनवरील तारखेसह मेसेज, फोटो.
- बिले, को-पेच्या पावत्या, विमा कंपनीने पाठवलेले खर्चाचे तपशील.
- पगार बुडाला असेल तर रजेच्या नोंदी, पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न, कंपनीचे पत्र.

फार्मसीत दिली जाणारी छोटी पावती पुरेशी नाही. लस देण्यापूर्वी आपण जो संमतीचा फॉर्म भरतो, त्याच्या खालच्या भागात लस देणाऱ्याने दंड डावा की उजवा ते लिहिलेले असते. तो फॉर्म मागा. ही नोंद चुकीची असण्याचे प्रकार बरेच घडतात, कारण काही ठिकाणी संगणकात एक दंड आधीच निवडलेला असतो आणि तो कोणी बदलत नाही. तुमच्या नोंदीत उलटा दंड असेल तर खचून जाऊ नका. त्यानंतरच्या प्रत्येक वैद्यकीय नोंदीत एकच खांदा सातत्याने आलेला असेल, तर तो पुरावा अशा चुकीवर मात करतो.

नोंदी मिळणे हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे आणि मागणीनंतर ३० दिवसांत त्या द्याव्या लागतात, फार तर एकदा मुदत वाढवता येते. थेरपीच्या नोंदी मागताना ‘सारांश’ नको, ‘प्रत्येक भेटीची संपूर्ण नोंद’ हवी असे लिहा. थेरपिस्ट हात किती अंशांपर्यंत वर जातो ते दर भेटीत मोजतात, आणि ते आकडे डॉक्टरांच्या दोन ओळींपेक्षा कितीतरी अधिक बोलतात.

आपल्या लोकांसाठी दोन खास सूचना. मधल्या काळात भारतात जाऊन तिथे फिजिओथेरपी किंवा इंजेक्शन घेतले असेल, तर तेही दुखणे चालू असल्याचा पुरावा आहे. डॉक्टरांच्या लेटरहेडवर तारखा, निदान आणि उपचार लिहून, सही-शिक्क्यासह आणा. परत आल्यावर फोनवरून मिळवणे फार त्रासाचे होते. दुसरी, मेसेज मराठीत असतील तर त्यांचे इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचे भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका आणि फोन बदलताना जपून ठेवा.

६. वकील निवडा

या टप्प्यावर बहुतेक जण ‘वकील परवडणार नाही’ म्हणून थांबतात, आणि ते पूर्णपणे निष्कारण आहे. या योजनेत वकिलाचे वाजवी शुल्क आणि खर्च योजनेच्या निधीतूनच वेगळे दिले जातात. दावा हरला तरीही, तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल तर ते मिळू शकतात. तुमच्या भरपाईतून टक्केवारी घेणे वकिलाला कायद्याने मना आहे. कोणी तृतीयांश हिस्सा मागत असेल, तर त्या वकिलाला या कामाची माहिती नाही असे समजा.

दावा वॉशिंग्टनमधील ‘युनायटेड स्टेट्स कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’ या न्यायालयात चालतो, त्यामुळे वकील तुमच्याच राज्यातील असण्याची गरज नाही. त्या न्यायालयात काम करण्याची परवानगी त्याच्याकडे असली पाहिजे. लशीची प्रकरणे घेणाऱ्या वकिलांची यादी न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. तीन-चार जणांशी बोला. खांद्याची किती प्रकरणे हाताळली, कागद कोण मागवणार, माझ्या नोंदींतील कच्चा दुवा कोणता, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला जो वकील ‘काहीच नाही’ म्हणाला, त्याच्याकडे मी गेले नाही.

वकील ठरेपर्यंत एक पथ्य पाळा. फार्मसीकडून किंवा तिच्या विमा कंपनीकडून पैसे घेऊन कोणत्याही कागदावर सही करू नका. त्याच दुखापतीसाठी दिवाणी दाव्याची तडजोड करून पैसे घेतलेले असतील, तर योजनेचे दार बंद होते.

७. शपथपत्रे लिहा

तुमचे स्वतःचे शपथपत्र लागतेच. घरातल्या किंवा कामावरच्या दोन-तीन जणांची साथ मिळाली तर उत्तम. नोटरीकडे जाण्याची गरज नाही. खोटे बोलल्यास शिक्षेस पात्र असल्याची कबुली देणारे ठरावीक वाक्य, तारीख आणि सही असली की चालते.

‘मला असह्य वेदना झाल्या’ अशा वाक्यांनी काही साधत नाही. त्या वेदनेचे दिवसभरातले रूप लिहा. माझ्या यजमानांनी लिहिले होते, की लशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही कुकर एका हाताने उचलायला गेली, तो ओट्यावर आपटला, आणि त्या दिवसापासून तीन महिने कुकर मीच उतरवत होतो. सरकारच्या बाजूनेही या तपशिलावर कोणी प्रश्न विचारला नाही. दिवस आठवण्यासाठी खुणेचे प्रसंग वापरा: दिवाळी, मुलाचा वाढदिवस, एखादा प्रवास. मात्र शपथपत्र वैद्यकीय नोंदीशी जुळत नसेल, तर तफावत का आहे ते त्यातच स्पष्ट करा. डॉक्टरांकडे जायला दोन महिने का लागले हेही लिहा. ‘आपोआप बरे होईल असे फार्मसीत सांगितले होते’ हे खरे असेल तर ते पुरेसे कारण आहे, आणि असे रुग्ण अनेक असतात हे न्यायाधिकाऱ्यांना ठाऊक असते.

८. दावा दाखल झाल्यावर काय होते

दाखल करण्याचे काम वकील करतात. सध्याचे शुल्क ४०५ डॉलर आहे आणि ते पुढे खर्चात परत मागता येते. प्रकरण ‘स्पेशल मास्टर’ या न्यायाधिकाऱ्यासमोर जाते. कायद्यानुसार ते जास्तीत जास्त आठ असतात. ज्यूरी नसते. खांद्याची बरीचशी प्रकरणे मुख्य स्पेशल मास्टरच्या वेगळ्या, जलद विभागात जातात. आरोग्य खात्याचे डॉक्टर नोंदी तपासतात आणि न्याय खात्याचे वकील सरकारची भूमिका लेखी मांडतात. सरकारने हक्क मान्य केला तर फक्त रकमेचा प्रश्न उरतो. मान्य केला नाही तर तडजोड होऊ शकते, किंवा स्पेशल मास्टर निर्णय देतात. त्यांच्यासमोर कसोटी आहे ती ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता अधिक’ एवढीच. फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्धता लागत नाही.

‘जलद’ या शब्दावर फार विसंबू नका. तपासणीची रांग मोठी आहे आणि दोन-तीन वर्षे सहज जातात. या काळात उपचार चालू असतील तर नव्या नोंदी दर काही महिन्यांनी वकिलाला पाठवा. समाजमाध्यमांवर काय टाकता याचेही भान ठेवा. दुखरा हात वर करून गरबा खेळतानाचा एक फोटो दहा पानांच्या शपथपत्रावर पाणी फिरवू शकतो.

९. रक्कम कशी ठरते

मागता येतात त्या गोष्टी अशा: विम्याने न भरलेला झालेला आणि पुढे होणारा उपचारखर्च, बुडालेला पगार, आणि वेदना व मानसिक त्रास यांबद्दलची भरपाई. या शेवटच्या भागाला २,५०,००० डॉलरची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. खांद्याच्या प्रकरणांत बहुतेक रक्कम याच भागातून येते आणि ती दुखणे किती तीव्र होते, किती काळ टिकले, इंजेक्शने किती लागली, शस्त्रक्रिया झाली का, आज काय शिल्लक आहे, यावर ठरते. जुने निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आपल्यासारखे पाच-सहा निकाल वाचून काढा. मी ते केले तेव्हाच मला कळले, की डॉक्टरांकडे लवकर न जाणे आणि उपचारांत मोठे खंड पडणे याचा परिणाम रकमेवरही होतो.

१०. निर्णयानंतर

निर्णय तुमच्या नावासह सार्वजनिक होतो. वैद्यकीय तपशिलांचा काही भाग झाकायचा असेल, तर १४ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. ज्यांना हे खटकेल त्यांनी वकिलाला दावा दाखल करण्यापूर्वीच सांगावे. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत त्याच न्यायालयातील न्यायाधीशांकडे फेरविचार मागता येतो आणि त्यापुढे ‘फेडरल सर्किट’ या वरच्या न्यायालयात अपील करता येते. मान्य असेल तर भरपाई स्वीकारत असल्याचे लेखी कळवायचे असते; त्यासाठी ९० दिवस आहेत. स्वीकारली की त्याच दुखापतीसाठी लस देणाऱ्यावर किंवा कंपनीवर पुढे दावा करता येत नाही. पत्ता किंवा बँक खाते बदलले असेल तर याच वेळी वकिलाला कळवा.

पुढच्या हंगामात लस घ्यायला जाताना मी बिनबाह्यांचा किंवा सैल बाहीचा कपडा घालते, दुसरा दंड पुढे करते, आणि लस देणाऱ्याला माझ्यासमोर बसायला सांगते, म्हणजे सुई वरून खाली न येता समोरून सरळ जाते. दंड कमरेवर हात ठेवून थोडा बाजूला धरला की स्नायू नीट दिसतो. घरी आल्यावर टोचलेल्या जागेचा एक फोटो काढते, फॉर्मची प्रत फाइलला लावते, आणि मग स्वयंपाकाला लागते.